एका कोयत्यातली आई

तो दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखा आठवतो. नांदूरघाटजवळच्या आमच्या घरी परदेशातून एक वकीलबाई आली होती. तिच्या देशातली एक कंपनी बाटलीतलं गोड पाणी जगभर विकते. त्यातली साखर ज्या कारखान्याची, त्याच्यासाठी माझ्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं ऊस तोडला. गरोदर बायांनाही तिथे सुट्टी नव्हती. याचा जाब कंपनीला तिच्याच देशातल्या कोर्टात विचारायचा होता. मी केजच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी मीच.

आई झोपेत बोलल्यासारखी बोलत होती. दवाने जड झालेलं पाचट, थंडीत वाफाळणारं पाटाचं पाणी, पोटुशी असताना डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं. "चढताना खाली बघायचं न्हाई. लई गरगरायचं." हे सगळं मी जन्माआधीच कधीतरी ऐकलंय, असं मला वाटत राहिलं.

बाईने विचारलं, आईने तिथे काम केल्याचा कागद आहे का? आता आली पंचाईत. आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. करार नवऱ्याच्या नावावर, हजेरीही त्याचीच. वारलेल्या वडिलांचे कागद पिशवीभर होते, आईचं नाव एकावरही नव्हतं. "दोघं राबायचे आणि मोजायचे एकच?" बाई पुन्हा पुन्हा विचारत होती. मला तिचाच राग आला.

इतक्यात आई उठली. "हाय की कागद! हिच्या जन्माचा दाखला. फडातच झाली ही. तिथल्या ग्रामपंचायतीचा शिक्का हाय, माझं नाव हाय. म्हंजे मी तिथंच व्हते की!" आणि ती पत्र्याची पेटी उपसू लागली.

पेटीत दाखला नव्हता. अकरावीला वसतिगृहात निघाले तेव्हा मीच तो चुलीत घातला होता. उसाच्या फडात जन्मलेली, असं मला कुणी म्हणायला नको होतं. शाळेत तर मास्तरांनी जन्मगाव म्हणून आमचंच गाव लिहून टाकलं होतं.

आई एकेक पातळ झटकून बघत होती. दारातून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. तिचं हे शोधणं संपूच नये, असं मला वाटलं. मग सांगितलं.

"कावून गं?" तिने एवढंच विचारलं.

"लाज वाटायची. तुमच्या कामाची."

तिने पातळांच्या घड्या घालायला घेतल्या. चार-पाच झाल्यावर म्हणाली, "तिथल्या रजिस्टरात असंल अजून. माझ्यानं आता जाणं व्हायचं न्हाई. तू जा."

त्याच आठवड्यात मी गेले. तिथल्या कारकुनाने आईचं नाव विचारलं. मी ते सांगितलं, आणि त्याने विचारलं नसतानाही पुढे सांगितलं, की ती इथे ऊस तोडायची आणि मी इथल्याच फडात जन्मले.