प्रश्नाचं शेपूट

घरात तिला सगळे 'पाल्हाळबाई' म्हणायचे. लेक सहलीला निघाली की हिचा प्रश्न दारापासून फाटकापर्यंत पुरायचा. "पाणी घेतलंस का, आणि घेतलं असलंस तर झाकण घट्ट लावलंस का, की परवासारखी वह्यांना आंघोळ?"

"आई, तुझा प्रश्न संपेपर्यंत सहल परत येईल गं!"

कामावर मात्र हीच बाई प्रश्न छाटायची. रुग्णांना विचारायच्या प्रश्नावल्या ती कॉम्प्युटरवर एका ठरलेल्या साच्यात बसवायची, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात त्या तशाच वाचता याव्यात. प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक आणि एक मथळा. छातीच्या विभागाचे प्रश्न हातभर लांब, आणि डॉक्टरांच्या पडद्यावरचा रकाना बोटभर. प्रत्येक ओळ 'गेल्या पंधरा दिवसांत' अशी सुरू व्हायची आणि तिथेच तुटायची. कुठला प्रश्न कुठला, कळेना. मग तिने कात्री चालवली. 'रात्री दम.' 'जिना चढताना दम.' मूळ वाक्यं पुसून टाकली. पडदा कसा चकाचक दिसायला लागला, आणि ती स्वतःवरच खूश झाली.

नव्या प्रश्नावलीच्या चाचणीच्या दिवशी ती सिस्टरशेजारी बसली होती. समोर एक आजोबा. आज कुणाला दाखल करायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे डॉक्टर याच उत्तरांवरून ठरवणार होते.

"आजोबा, रात्री दम?" सिस्टरने पडद्यावरचं वाचलं.

"छे!"

सिस्टरने 'नाही'वर बोट टेकवलं. आजोबा उठले, दोन पावलं टाकली आणि भिंत धरून उभे राहिले. पुसलेलं वाक्य तिला आठवलं.

"आजोबा, बसा जरा. मी पूर्ण विचारते. गेल्या पंधरा दिवसांत रात्री दम लागून जाग आली का, किंवा दम लागू नये म्हणून उशा रचून, बसून झोपावं लागलं का?"

"मग! खुर्चीतच झोपतो की. आडवा झालो तर दम लागणार ना, बाई!"

सिस्टरने कपाळाला हात लावला. "ताई, तुम्ही प्रश्नाचं शेपूट नाही, काळीजच कापलंत."

आजोबांना लगेच दाखल केलं. ती जागेवर जाऊन कामाला लागली. आता प्रत्येक प्रश्नाला दोन जागा: विचारताना दिसेल ते पूर्ण वाक्य, शब्दालाही धक्का न लावता, आणि डॉक्टरांच्या रकान्यापुरता छोटा मथळा. क्रमांक मात्र दोघांचा एकच. विचारायच्या पडद्यावर वाक्याने तीन ओळी खाल्ल्या तर खाऊ देत!

"म्हणजे घसा आमचा कोरडा," सिस्टर कुरकुरली.

"पाण्याची बाटली देते. झाकण घट्ट लावून."

तीन आठवड्यांनी, आजोबा घरी जायच्या दिवशी, ती मुद्दाम वॉर्डात गेली. ते एकाच उशीवर आडवे पडले होते.

"या! विचारा तुमचा लांबलचक."

तिने सगळं वाक्य विचारलं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"संपला? मग पहिल्यालाही नाही, आणि दुसऱ्यालाही नाही."