थोरल्याची चार बोटं

भीमेकाठी आमचं भोयांचं घर. जाळी विणायची बायकांनी, टाकायची पुरुषांनी आणि माप घरातल्या थोरल्या माणसाचं. भोकातून थोरल्याची चार बोटं सहज गेली पाहिजेत, म्हणजे पिल्लं निसटतात. मी लग्न होऊन आले तेव्हा थोरले म्हणजे सासरे, आमचे मामंजी. त्यांची बोटं केळ्यांसारखी. एक भोक अडलं तरी सगळं उसवायला लावायचे. मी मनात त्यांना काय काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही.

काही वर्षांनी मामंजी वारले. थोरलेपण सासूबाईंकडे, म्हणजे आमच्या आत्याबाईंकडे आलं. त्यांची बोटं शेवग्याच्या कोवळ्या शेंगा. रीत आम्ही तंतोतंत पाळली. नवं जाळं, आत्याबाईंची चार बोटं. पहिल्या वर्षी पाट्या भरून मासे निघाले. म्हातारीचा हात लाभतो, असं ठरलं. काठावरचे बाकीचे भोईही माप घ्यायला येऊ लागले. आत्याबाई कौतुकानं हात पुढे करायच्या.

पुढे मासे बारीक होत गेले. श्रीगोंद्याच्या बाजारात गिऱ्हाईक पाटीत डोकावून विचारायचं, "ह्येंची आई कुठं हाय?"

मी मालकांना म्हटलं, "भोकं बारीक झाल्यात."

"चार बोटं म्हंजी चार बोटं," ते म्हणाले. "रीत मोडली न्हाई आपण."

आत्याबाई वयानं वाळत चालल्या होत्या. प्रत्येक नवं जाळं मागच्यापेक्षा दाट.

एका सकाळी त्यांनी शिंगाडा माशाचं पिल्लू तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. मग माळ्यावरून मामंजींचं जुनं जाळं काढायला लावलं आणि भोकात बोटं घातली. चारही जाऊन वर जागा उरली.

"ह्यांचा हात मोठा हुता," त्या म्हणाल्या.

जुन्या जाळ्यावरून माप घेऊन मी नवं विणलं. मालकांनी ते डोहात टाकलं. वर नुसतं शेवाळ आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा शेवाळ. मोठा मासा उरलाच नव्हता, आणि होते ते लहानगे भोकांतून रीतसर निघून गेले.

मालक साखर कारखान्यावर कामाला लागले. शेजारचा भोई नव्या जाळ्याचं माप घ्यायला आला, तेव्हा आत्याबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यांनी हात काही बाहेर काढले नाहीत.