याडीचं रडणं

याडी रडायची ती चालीत. आवाज चढायचा, लांबायचा, एका जागी येऊन थांबायचा आणि श्वास घेऊन पुन्हा सुरू व्हायचा. त्यात शब्द असायचे. ज्याच्यासाठी रडायचं त्याने आजवर आपल्यासाठी काय काय केलं, ते सगळं त्यात यायचं. सेनगावकडच्या पुसेगावजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात तिचं असं रडणं ऐकलं आणि कोणी गेलं की काय म्हणून मी धावत बाहेर आले. पाहते तर तिची चुलतबहीण चार वर्षांनी भेटायला आली होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग तोंडं पुसून चहा पीत बसल्या.

तिचं नाव गोमाबाई. केंद्रात ती परिचर होती, म्हणजे झाडलोटीपासून बाळंतपणापर्यंत सगळ्यात तिचा हात. तिच्या बंजारा तांड्यातली पोरं तिला याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, तरी मला 'सिस्टर, तुमी' असंच म्हणायची.

मी साताऱ्याकडची, मास्तरांची मुलगी. आमच्या घरी रडायचं तर न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून. बहिणीच्या पाठवणीला वडील वाढप्यांवर खेकसत होते, ते डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणूनच. त्यामुळे याडीचं हे चारचौघांतलं रडणं मला अडाणीपणाचं वाटे. एकदा तिला तसं बोलूनही दाखवलं. तिला राग आला नाही. म्हणाली, "सिस्टर, माणूस येवो का जावो, त्याला कोरडं धाडू न्हाई. मंग त्यो रस्ताभर इचार करते, मी गेलो त्याची कोणाला तकलीफ झाली का न्हाई."

लसीकरणाच्या दिवशी लसीचा निळा डबा चुंबळीवर ठेवून ती पुढे आणि मी रजिस्टर घेऊन मागे. टोचल्यावर बाळ रडलं की आया कावऱ्याबावऱ्या होऊन त्याला गप्प करू लागत. याडी त्यांच्यावरच डाफरायची. "रडू द्या की त्याला! सुई टोचली तर लेकरू रडंल न्हाई तर काय हसंल?" तिला धास्ती न रडणाऱ्या बाळाची. नुकतं जन्मलेलं पोर रडेपर्यंत ती कोणाशी अवाक्षर बोलत नसे. माझी मंजू पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातांवर. पुढे सहा वर्षं मंजू तिच्या अंगाखांद्यावर वाढली आणि घरी येऊन तिच्यासारखं चालीत रडून दाखवू लागली. त्यापायी माझ्या हातचे दोन फटकेही तिने खाल्ले.

पण याडी नुसती रडूबाई नव्हती. तांड्यातला एक गडी अडलेल्या बायकोला दवाखान्यात न्यायला तयार होईना. याडीने त्याच्या उंबऱ्यातच बैठक मारली. "तुज्या बैलाला डाक्टर चालते, मंग बायकोला काहून न्हाई रं?" असं ती सगळ्या तांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत राहिली. शेवटी त्यानेच जाऊन जीप आणली. बाई वाचली, लेकरूही वाचलं.

अकरा वर्षांनी माझी बदली झाली. पुसेगावच्या स्टँडवर ती चार बायका घेऊन पोचवायला आली. बस लागली तशी तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि आवाज लावला. मला तिच्या बोलीतलं थोडंफार कळत होतं. पावसात मी तांड्यावर चालत आले होते ते तिने सांगितलं, तिच्या सुनेच्या उशाशी रात्रभर जागले होते ते सांगितलं. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. पानटपरीवरची माणसं उभी राहिली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी तिचे हात गळ्यातून काढले आणि म्हणाले, "पुरे याडी. लोक बघताहेत."

ती मधेच थांबली. पदराने तोंड पुसलं, माझी पिशवी वर दिली आणि म्हणाली, "बराबर हाय सिस्टर. गाडीला उशीर व्हायलाय." बस हलली तेव्हा ती पाठ करून निघालेली होती. या प्रसंगाची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर बावीस वर्षं गेली. दिवाळीला तिच्या सुनेच्या, सविताच्या फोनवरून आमचं बोलणं व्हायचं. त्या दिवसाबद्दल ती चकार शब्द काढत नसे. एकदाच हसत हसत म्हणाली, "आपलं रडायचं राहूनच गेलं बगा. या एकदा." मी येते म्हणाले आणि गेले नाही. आधी नोकरी, मग निवृत्ती, मग पुण्याचं घर. निमित्तांना काय तोटा?

गेल्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी सविताचा फोन आला. "सिस्टर, आत्याला लकवा मारला. वाचा गेली. दवाखान्यानं घरी न्या म्हणले. परवापासून तोंडात पाणी बी घेऊन न्हाई राहिल्या." मंजू तेव्हा घरीच होती. तिने गाडीची किल्ली उचलली. "आई, ऊठ. सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. आत्ता निघालो तर जाऊन येऊ."

रात्री आठला पुणं सोडलं. जालन्याला चहा घेतला तेव्हा सविता फोनवर म्हणाली, "डोळे उघडे हायेत, या लवकर." मंठ्याच्या पुढे मात्र फोन लागेनासा झाला. मी दर पाच मिनिटांनी लावत होते. उशीर झाला तर काय, ही धास्ती होतीच. आणि वेळेत पोचलो तर काय करायचं, याची त्याहून जास्त भीती होती. जिंतूर मागे पडल्यावर मी म्हणाले, "मंजू, तू लहानपणी याडीसारखं रडून दाखवायचीस. ती चाल आठवते का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्यावर नजर ठेवून ती हलकेच गुणगुणू लागली. मी तिच्या मागून म्हणू लागले. माझा आवाज फुटत होता, चाल चुकत होती. येलदरीचं धरण गेलं, सेनगाव गेलं, आम्ही मायलेकी तेच करत होतो.

पोचलो तेव्हा उजाडलं होतं. याडीची बाज अंगणात होती. बायका भोवती गप्प बसून होत्या. 'पेशंटजवळ रडारड करू नका,' असं दवाखान्यात बजावलं होतं म्हणे. याडीचा उजवा हात निकामी होता, तोंड वाकडं झालं होतं, पण मला पाहून डोळे हलले. आणि मी काय केलं? नाडी पाहिली. पाठीला जखमा आहेत का बघितलं, कापसाने ओठ ओले केले, सविताला कुशीवर वळवायचं कसं ते शिकवलं. माझ्यातली नर्स पाच तास काम काढत राहिली. मग मंजू जवळ येऊन म्हणाली, "आई, निघायला हवं."

मी वाकून म्हणाले, "याडी, जाते मी." तेव्हा तिचा डावा हात उठला. सावकाश माझ्या मानेवर आला आणि मला खाली ओढू लागला. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग मीच लावला. "याडी येऽऽ, डबा डोक्यावर घेऊन तू माझ्यापुढं चाललीस, याडी येऽऽ. माझी लेक तुझ्या हातावर रडली, याडी येऽऽ. तुला मी लोकांसमोर दूर लोटलं, याडी येऽऽ." निम्मी मराठी, निम्मी तिची बोली. एका म्हातारीने माझी चाल ऐकून ओढणीआड हसू दाबलं, आणि पुढच्या ओळीला तिनेच आवाज मिळवला. मग सगळ्या बायका. दवाखान्याचं बजावणं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. याडीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचा हात माझ्या मानेवर होता. या वेळी तो मी काढला नाही. दमून त्याचा तोच खाली आला.

परतताना जालन्याजवळ एका ढाब्यावर थांबलो होतो. सविताचा फोन आला. "आत्या गेल्या, सिस्टर. आत्ताच." मंजूने विचारलं, "परत फिरायचं?"

"नको," मी म्हणाले. "आमचं झालंय."

आणि तिथेच, ट्रक आणि बाजांच्या मधे उभी राहून, मी आवाज लावला. मंजूने माझ्या गळ्यात हात टाकले. जेवणारे ड्रायव्हर घास हातात धरून थांबले, वेटर बाहेर आला. लोक बघत होते. आम्ही दोघींनी पुरतं रडून घेतलं, मग तोंडं धुतली आणि चहा मागवला.