निमाताईंची धूळ

आज पुन्हा निमाताईंना शिंकांनी गाठलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात त्या. साहेबांच्या केबिनची बेल वाजली आणि लागोपाठ सात शिंका. डोळे लाल, नाकातून पाणी, तोंडाला पदर.

"धूळ हो, धूळ," त्या ओशाळून मला म्हणाल्या.

कसली डोंबलाची धूळ! मागच्या आठवड्यात साहेब रजेवर होते, तेव्हा ह्याच बाईंनी जुन्या फायलींचं अख्खं कपाट झटकलं. खिडकीतल्या उन्हात धूळ नुसती तरंगत होती आणि ह्या गाणं गुणगुणत होत्या. शिंका आल्या असतील एकदोन. डॉक्टरांनीही त्यांना सांगितलंय, ॲलर्जी खरीच आहे, पण ताण आला की ती उसळते, तेव्हा ताण घेऊ नका. घेऊ नका म्हणे! बाई काय मंडईत जाऊन ताण निवडून घेतात? चारचौघांत त्यांच्यावर रोज खेकसणाऱ्याला कुणी लिहून देतं का, दिवसातून तीनदा तोंड आवरा म्हणून?

मला तर वाटतं, ह्या ऑफिसात त्यांचं नाकच काय ते खरं बोलतं.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "काय कटकट आहे ही सकाळपासून!"

"सॉरी साहेब," म्हणत निमाताईंनी फडकं घेतलं आणि तासाभरापूर्वी पुसलेलं टेबल त्या पुन्हा पुसायला लागल्या. माझं डोकं भणभणलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं,

"हो साहेब, हल्ली धूळ फार झालीय."