आमची मराठी कुठं खरी?

अनुसूयाअक्कांनी बंगळूरला बसवनगुडीच्या एका कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे, शहराबाहेरच्या आनेकलला, येऊन राहिलेलं. आम्ही नोकरीपायी आलेले पुणेकर. आमची मराठी शुद्ध आणि त्यांची कन्नडमिश्रित, असा आमचा एक गोड गैरसमज.

आनेकलला जुन्या मराठी घरांतल्या मुलांसाठी आमच्या मंडळाचा रविवारचा वर्ग चाले. अक्काच शिकवत. यंदा आमचा चिटणीस मकरंद, सरकारी कारखान्यातला इंजिनिअर, म्हणाला, आधी पाहणी करू. घरोघर विचारलं: ‘घरात मराठी बोलता का?’ बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं. मकरंदने बैठकीत रंगीत आलेख दाखवून निकाल देऊन टाकला. तिथली मराठी संपली, आता वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, आपल्या मुलांसाठी हलवू. आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

अक्का उठल्या. “स्वल्प थांबा. ‘नाही’ लिहिणाऱ्यांत मीही आहे.”

“तुम्ही? तुम्ही तर शिकवता!”

“शिकवते ती पुस्तकातली. घरातलीला तुम्ही हसता. तिला मराठी म्हणायचा धीर कुठून आणू? माझंच उत्तर खोटं, तर बाकीच्यांचं काय?”

आम्हाला लाज वाटली, सरळ सांगतो.

मकरंद मात्र हटेना, आणि त्याचंही चूक नव्हतं. “अक्का, उत्तर पटलं नाही की प्रश्न बदलायचा, हे कुठलं शास्त्र?”

“सरी, बरोबर आहे तुझं. मग तपासायची रीत आत्ताच ठरवू. काय आढळलं तर वर्ग बंद, तेही आत्ताच. नंतर कुरकुर नको, माझीसुद्धा.”

ठरलं असं: विचारायचं नाही, ऐकायचं. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, जेवणाच्या वेळी जायचं. पाहुण्यांपुढे माणसं सावरून बोलतात, म्हणून पानं वाढेपर्यंतचं बोलणं धरायचं नाही. निम्म्याहून कमी घरांत मोठी माणसं मराठी बोलली, तर वर्ग बंद. वर्ग म्हणजे अक्कांचा जीव की प्राण. तो त्यांनी स्वतःहून पणाला लावला होता.

अक्का आणि मकरंद दोघं मिळून फिरले. जवळजवळ प्रत्येक घरी आया मराठीत आग्रह करत होत्या आणि मराठीतच रागवत होत्या. वर्ग वाचला. पण मुलं उत्तर देत होती कन्नडमध्ये, वर्गाला येणारीसुद्धा. अक्कांचा चेहरा पडला. मकरंद म्हणाला, हे अहवालात नाही लिहिलं तरी चालेल. “चालणार नाही,” अक्का म्हणाल्या. “हे माझ्या शिकवण्याचं माप आहे. आईच्या तोंडची भाषा सोडून मी त्यांना परकीच शिकवत बसले.”

आता वर्गात घरातलीच मराठी चालते, कन्नड शब्दांसकट. परवा मकरंद गोष्ट सांगायला गेला. समोरच्या आश्लेषाने मन लावून ऐकलं आणि शेवटी समजूत घालावी तशी म्हणाली, “सर, तुमची मराठी स्वल्प वेगळी आहे. पण कळते हं आम्हाला.”