सातव्या नसेचं हसू

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या चेहऱ्याचा डावा भाग एके काळी साडेतीन महिने संपूर्णपणे बंद होता. त्या मुदतीत तो फक्त एकदा, एका क्षणापुरता, विनापरवाना उघडला. पुरावा कपाटात आहे.

हसताय? हसा, हसा... तुम्हाला दोन्हीकडून येतंय.

मी असल्या गोष्टी कधीच मानल्या नाहीत. उज्जैनमध्ये राहून न मानणं सोपं नाही बरं का! इथे दर तिसऱ्या माणसाच्या काकांकडे स्मशानात कुणीतरी बिडी मागितलेली असते. मी त्या काकांच्या आणि बिडी मागणाऱ्याच्याही नकला करून दाखवायचो.

घरोघर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून युनियनच्या सभा चालल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मी बँकेत क्लार्क, वय अठ्ठावीस. फ्रीगंजमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत आई आणि मी. बाबा बदलीवर इथे आले आणि इथेच गेले.

एका सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. डोळा मिटायला गेलो, मिटेना. आईला हाक मारली, तर शब्दही तिरके निघाले.

"सकाळी सकाळी कुणाची नक्कल करतोयस? शेजारच्या वर्माजींची?" आई म्हणाली. मग तिने नीट पाहिलं आणि मटकन खाली बसली. तिला वाटलं, अर्धांगवायू. रिक्शात तिने सगळा वेळ माझा डावा गाल तळहातावर धरून ठेवला होता... जणू सोडला तर पडेल.

डॉक्टरकाका बाबांचे मित्र. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची कवटी असायची. तिच्या कानामागे पेन्सिल टेकवून ते म्हणाले, "मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. पहिली वासाची, दुसरी नजरेची... ही सातवी, चेहऱ्याची. हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिथे सुजली की दबते. याच्या डोक्यात काही नाही, वहिनी."

"ते मला माहीत आहे हो," आई म्हणाली, "पण घाबरण्यासारखं काही?"

त्यांनी मला कपाळाला आठ्या घालायला लावल्या. उजवीकडेच पडल्या. "मेंदूतला झटका असता, तर कपाळ हललं असतं. आणि गंमत सांगू? तशा पेशंटला मुद्दाम हसता येत नाही, पण खरंच हसू आलं तर कधीकधी तोंड पूर्ण हसतं. खऱ्या हसण्याची मेंदूतली वाट वेगळी असते. पण शेवटी दोन्ही वाटा याच नसेत येतात, आणि तुझी नसच बंद आहे. खरं असो, खोटं असो, कुठलंच हसू डावीकडे पोचणार नाही. दोन-चार महिने लागतील."

हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

दोन-चार महिने! देवासच्या स्थळाने रविवारपर्यंत मुलाचा ताजा फोटो मागितला होता. माझे जुने फोटो आधीच्या दोन स्थळांनी नकाराबरोबर परत पाठवले नव्हते. आणि मला हे स्थळ हवं होतं! मुलीच्या फोटोत तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. कॅमेऱ्याने नेमकं तेव्हाच गाठलेलं... आणि तरी त्या लोकांनी तोच पाठवला होता. मी तो फोटो पासबुकात ठेवून बँकेत न्यायचो.

टावर चौकाजवळच्या स्टुडिओत आई सलीमभाईंना म्हणाली, "साइडसे निकालो."

"माँजी, साइड से लेंगे तो लड़कीवाले समझेंगे दूसरी तरफ कुछ है."

"है ही," मी म्हणालो.

समोरून तीन फोटो काढले. तिसऱ्याच्या वेळी मला ते अर्धे मिटलेले डोळे आठवले आणि पोटातून हसू आलं. क्लिक झालं. सलीमभाई हळहळले, "माफ करना साहब, हँसी आधी ही आई." आईनेही मान हलवली. म्हणजे दोन साक्षीदार, दोघांनी अर्धंच पाहिलं.

दोन दिवसांनी प्रिंट आल्या. पहिले दोन वाकडे. तिसऱ्यात मी पूर्ण हसत होतो. दोन्ही गाल वर, दोन्ही डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या. आईने सलीमभाईंना तोंड भरून आशीर्वाद दिला. ते बिचारे पांढरे पडले. "माँजी, मैंने हाथ नहीं लगाया." त्यांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. "रीटच करता तो पेन्सिल का निशान होता. ढूँढ लीजिए." नव्हता.

निगेटिव्ह घेऊन डॉक्टरकाकांकडे गेलो. भिंगातून त्यांनी शर्टचा खिसा पाहिला, केसांचा भांग पाहिला. अर्धी बाजू उलटी जोडलीय का? नाही. मग माझ्याकडे वळले. "हस." मी हसलो. अर्धाच. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि कवटीकडे बघत बसले.

"पाठवून दे," आई म्हणाली. "देवानेच दिलाय."

पण माझा पाय निघेना. त्या चेहऱ्याशी लग्न ठरवून एखादी पोरगी आली आणि तो चेहरा परत आलाच नाही तर? पोस्टात आईची नजर चुकवून पाकिटात एक वाकडाही टाकला. सोबत चिठ्ठी : 'पहिला सध्याचा मी. दुसरा कोण, ते अजून कळलेलं नाही.'

पुढचं थोडक्यात सांगतो. साडेतीन महिन्यांनी नस सुटली. तरी डावा कोपरा आजही किंचित मागून येतो. त्या फोटोतलं हसू मी आरशासमोर शेकडो वेळा करून पाहिलं, एकदाही जमलं नाही. डॉक्टरकाका रिटायर झाले तेव्हा म्हणाले, "तुझी केस सोडून बाकी सगळं समजलं." कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. माझ्याकडे नाही.

पण तो रविवार राहिला. फोटो पोचले आणि चक्क मुलीकडचेच आमच्या घरी येऊन धडकले — वृंदा, तिची आई आणि मामा. आईची धांदल विचारू नका! पोहे कसेबसे उजवीकडून खाल्ले. चहाने मात्र दगा दिला. पहिला घोट डाव्या ओठातून थेट पांढऱ्या शर्टावर. आईने पदराचं टोक तोंडात धरलं. मला वाटलं, संपलं.

मामांनी घसा खाकरला. दोन्ही फोटो टीपॉयवर शेजारी शेजारी मांडले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाचीला करड्या आवाजात विचारलं, "वृंदे, आता सगळ्यांसमोर सांग. यातला तुला पसंत कोणता?"

तिने फोटोंकडे बघितलंही नाही. तिच्या तोंडून एकदम मोठ्यांदा निघून गेलं —

"मामा, ज्यांच्या शर्टावर चहा सांडलाय ना, ते!"