हाताला लागणारी बटणं

काल नव्या वॉशिंग मशीनच्या पॅनेलवरची फिल्म सोलली, तेव्हा प्लास्टिक आणि शाईचा कोरा वास आला आणि पनवेलच्या जुन्या घरातली एक सकाळ आठवली.

काचबिंदूने आईची नजर जवळजवळ गेली होती. मशीनचं पॅनेल गुळगुळीत, बटणं तिला सापडायची नाहीत. "राहू दे, मी लावते," असं मी म्हटलं की ती पॅनेलवरून हात काढून घ्यायची. शेजारच्या फरीदाभाभी तळोज्याला पॅनेलचे छापील स्टिकर बनवणाऱ्या कारखान्यात होत्या. त्यांनी मालकांना विचारून आमच्या मशीनसाठी वेगळा स्टिकर करून आणला. त्यात बटणांच्या जागी उंचवटे होते. सुरू करायला गोल, बंद करायला चौकोन.

स्टिकर चिकटवून भाभींनी आईचं बोट त्यावर ठेवलं. "खाला, गोल लागला ना हाताला? दाबा बिनधास्त."

आईने दाबलं. पाणी भरू लागलं. ती जरा वेळ आवाज ऐकत राहिली, मग म्हणाली, "तू जा गं ऑफिसला. कपडे मी बघते."

तेव्हा मला वाटलं, माझं एक काम कमी झालं. भाभींनी आईला काय दिलं, ते आज माझीच नजर अधू होताना कळतंय. त्या संध्याकाळी मी परतले, तर गॅलरीत चादरी वाळत होत्या आणि आई खणखणीत आवाजात भाभींना चहाला बोलवत होती.